ड्राय बाल्कनी आवरली तरी पुन्हा का तुंबते, पुन्हा का भरते?

शहरातल्या वन बीएचके सदनिकेत स्वयंपाकघराला लागून तीन-चार फूट रुंदीची जी चिंचोळी जागा असते, तिला बांधकाम व्यावसायिक ड्राय बाल्कनी म्हणतात आणि घरातली झाडून सगळी ओली कामे नेमकी तिथेच होतात. वॉशिंग मशीन, भांडी घासण्याचे सिंक, गॅसचा जादा सिलिंडर, केरसुणी आणि पोछा, कांद्याबटाट्याची टोपली, रद्दी, सणासुदीलाच लागणारी मोठी पातेली आणि डोक्यावर कपड्यांच्या दोऱ्या, असा सगळा संसार पंचवीस-तीस चौरस फुटांत राहतो. या जागेबद्दलची तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. एखादा रविवार घालवून ती आवरावी, महिनाभर ती बरी दिसावी, आणि मग पुन्हा जमिनीवर पाणी साचावे, कोपऱ्यातून वास यावा, पाय ठेवायला जागा उरू नये.

आमच्या पुण्यातल्या घरात ही जागा ४ फूट रुंद आणि ७ फूट लांब आहे. पहिल्या चार वर्षांत आम्ही तिच्यासाठी तीन रॅक आणले आणि प्रत्येक रॅकनंतर तिची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. खरे कारण सापडले ते आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या बोलण्यातून. पाणी सारखे का तुंबते, असे मी जरा त्रासूनच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, जाळी मशीनखाली आहे. मशीन सरकवायचं तर रॅक काढायला लागतो, रॅक काढायचा तर सिलिंडर हलवायला लागतो. रोज कोण एवढं करणार?” पाणी जाण्याची एकुलती एक वाट आम्हीच बुजवून ठेवली होती आणि जागा कमी पडते म्हणून तिच्यावर आणखी सामान रचत होतो. त्यानंतर ही जागा आम्ही जमिनीपासून छताकडे दुरुस्त करीत गेलो आणि रॅक सर्वांत शेवटी बसवले. पुढचा मजकूर साधारण त्याच क्रमाने लिहिला आहे.

त्रास किती दिवसांनी परत येतो, ते आधी पाहावे

कशालाही हात लावण्यापूर्वी त्रास किती काळाने उलटतो, एवढेच काही दिवस पाहावे, कारण त्या अंतरावरून कारण बरेचसे ओळखता येते. दर धुण्याला पाणी साचत असेल, तर दोष फरशीच्या उतारात किंवा मशीनच्या नळीत असतो. महिना-दोन महिन्यांनी साचू लागत असेल आणि जाळी साफ केली की थांबत असेल, तर उतार ठीक आहे, मात्र जाळीपर्यंत हात पोहोचत नाही म्हणून ती वेळेवर साफ होत नाही, असे समजावे. कुबट वास, भिंतीवरची बुरशी आणि न वाळणारे कपडे हा त्रास फक्त जून ते सप्टेंबर या महिन्यांत होत असेल, तर दोष हवेच्या वाटेत आहे. पाणी नाही, वास नाही, तरीही दर दोन-तीन महिन्यांनी जागा सामानाने भरते, अशी स्थिती असेल तर फळ्या चुकल्या आहेत. बहुतेक घरांत यांपैकी दोन दोष तरी एकत्र नांदत असतात. अशा वेळी पाण्याचा दोष आधी काढावा, कारण ओल्या जमिनीवर केलेली कोणतीही मांडणी टिकत नाही.

पाण्याची वाट

परीक्षा अगदी सोपी आहे. जमीन रिकामी करून जाळीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात १५ लिटरची बादली ओतावी आणि पाणी कसे जाते ते पाहावे. ते सरळ जाळीकडे धावले आणि मागे फक्त ओलसर फरशी उरली, तर उतार योग्य आहे. एखाद्या भिंतीपाशी थारोळे राहिले, तर तिथे फरशी बसली आहे किंवा मुळातच चुकीची घातली आहे. पाणी जाळीपर्यंत नीट गेले, पण तिथे तळे करून हळूहळू खाली उतरले, तर अडथळा ट्रॅपमध्ये आहे.

जाळीखालच्या या भागाला प्लंबर मंडळी ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. न्हाणीशी उघड नाते सांगणारा हा शब्द बांधकामाच्या इंग्रजी कागदपत्रांतही तसाच छापला जातो, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम अडून राहते आणि तेच गटाराकडून येणारा वास आणि झुरळे रोखते. घर दोन-तीन आठवडे बंद राहिले की हे पाणी आटते. गावाहून परतल्यावर येणारा वास बहुधा त्याचाच असतो आणि तांब्याभर पाणी ओतले की थांबतो. रोज वापर असूनही वास येत असेल, तर जाळी उचलून आतली वाटी काढावी. तिच्यात कपड्यांचे तंतू, केस, भाताची शिते आणि साबणाचा राप यांचा घट्ट गोळा सापडतो. हा गोळा हातानेच निघतो. वर कितीही ॲसिड ओतले तरी तो पुरता जात नाही, उलट फरशीचे सांधे मात्र खाल्ले जातात.

मशीनच्या नळीकडे स्वतंत्रपणे पाहायला हवे. पुष्कळ घरांत ती जाळीवर नुसती टेकवलेली असते. पाणी जोरात सुटले की नळी उडते आणि सगळी बाल्कनी भिजते. नळी बसेल एवढे भोक असलेली जाळी हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि त्यावरचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र नळीचे तोंड किती उंचीवर असावे, हे मशीनच्या जातीवर ठरते. सेमी ऑटोमॅटिक मशीनचे आणि पंप नसलेल्या टॉप लोड मशीनचे पाणी स्वतःच्या वजनाने उतरते, म्हणून त्यांची नळी जमिनीलगतच हवी. ती उंचावरच्या पाइपात खोचली, तर टबात पाणी राहते. फ्रंट लोड मशीन पंपाने पाणी फेकते. त्याची नळी साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून वळवून मग खाली आणावी लागते, नाही तर मशीन एकीकडे पाणी भरते आणि दुसरीकडे ते आपोआप ओढले जाऊन गटारात जाते. मशीन तासभर पाणीच भरत राहिले म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलवावे आणि त्याने नळी उचलून भिंतीला अडकवून निघून जावे, असे प्रसंग याच कारणाने घडतात.

खालच्या मजल्यांवर आणखी एक त्रास दिसतो. आपले मशीन बंद असताना जाळीतून फेस वर येतो. वरच्या घरांतले धुण्याचे पाणी ज्या उभ्या पाइपातून येते, त्याच्या तळाशी फेस कोंडतो आणि सर्वांत जवळच्या जाळीतून बाहेर पडतो. याला आपल्या घरात पुरता उपाय नाही. सोसायटीने तो पाइप आणि खालचे चेंबर साफ करून घेणे, आणि वरच्या मजल्यांनी पावडर कमी वापरणे, हाच मार्ग आहे.

उतारच उलटा असेल, तर दर मीटरला १ सेंटिमीटर, म्हणजे आमच्यासारख्या ७ फूट लांबीला सुमारे २ सेंटिमीटर, असा उतार देऊन फरशी नव्याने बसवावी लागते. हे काम हौसेने काढू नये. फरशी उखडताना खालचे वॉटरप्रूफिंग फुटते आणि दोन महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल येते. ते थर नव्याने घालून, जाळीचे तोंड बंद करून, किमान २४ तास पाणी साठवून खालच्या छताची पाहणी झाल्याशिवाय नवी फरशी बसवू देऊ नये. दोष थोडा असेल, तर थारोळ्याच्या जागी स्टँडवर ठेवता येण्याजोगी वस्तू ठेवून रोज खराट्याने पाणी ओढणे हे जास्त शहाणपणाचे ठरते.

मशीनची जागा

आमच्या घरी मशीन जाळीवरून उचलून समोरच्या आखूड भिंतीला नेले आणि तेवढ्यानेच निम्मा त्रास गेला. जागा ठरवताना दुकानातल्या पाटीवरचे माप पुरत नाही. फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ८५ सेंटिमीटर उंच आणि क्षमतेप्रमाणे ४५ ते ६० सेंटिमीटर खोल असते; मागे नळ्यांसाठी ८ ते १० सेंटिमीटर सोडावे लागतात आणि पुढे दार उघडायला आणखी हातभर जागा लागते. ४ फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. लांब भिंतीला मशीन लावले की समोर जेमतेम ५५-६० सेंटिमीटर उरतात, दार उघडले की माणूस उभा राहत नाही आणि सिंककडे जाण्याची वाट बंद होते. आखूड भिंतीला तेच मशीन लावले, तर त्याच्या शेजारी बादली आणि पोछ्याला जागा राहते आणि समोरचा सगळा पट्टा मोकळा मिळतो. टॉप लोड मशीनचे झाकण उघडल्यावर उंची १३०-१४० सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणून त्याच्या वरची पहिली फळी त्याहून वर हवी. ही चूक सुतार हमखास करतो, कारण तो झाकण बंद असताना माप घेतो.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मशीन घेण्यापूर्वी पाण्याचा दाबही पाहावा. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो. गच्चीवरची टाकी नळापासून ३ मीटरच वर असेल, तर मिळतो तो ०.३ बार, आणि अनेक फ्रंट लोड मशीनना निदान तेवढा लागतोच. दाब त्याहून कमी असेल, तर मशीन पाण्याची वाट पाहत थांबते. बादलीने भरता येणारे सेमी ऑटोमॅटिक अशा घरात अधिक कामाचे, पण ते दोन टबांमुळे ७५-८० सेंटिमीटर रुंद असते, हे हिशेबात धरावे.

मशीन पिळताना चालू लागते, आदळते आणि आजूबाजूचे डबे खाली पाडते, ही तक्रार नवीन फ्रंट लोडबद्दल असेल, तर मागच्या बाजूला वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढले आहेत की नाही, ते आधी तपासावे. मशीन जुने असेल, तर चारही पाय जमिनीला सारखे टेकतात का ते पाहावे. उतार असलेल्या जमिनीवर ते आपोआप कधीच टेकत नाहीत. फिरवून उंची जुळवावी लागते. चाकांचे स्टँड दिसायला सोयीचे असले, तरी पिळण्याच्या वेगात ते डळमळते, म्हणून मी ते सुचवणार नाही. रबरी बूड असलेले, १० ते १५ सेंटिमीटर उंचीचे पक्के स्टँड घेतले, तर खालून पाणी वाहते आणि केरसुणीही फिरते.

पावसाळा आणि तीन लिटर पाणी

कोरडे असताना ६ किलो भरणारे कपडे मशीनमधून पिळून निघतात, तेव्हाही त्यांत वजनाच्या निम्म्याइतके, म्हणजे सुमारे ३ लिटर पाणी असते. हे पाणी कुठे तरी जायलाच हवे. उन्हाळ्यात ते कुठे गेले हे आपल्याला कळतही नाही. जुलैत बाहेरचीच हवा ओलीचिंब असते आणि आपण पावसाची झड नको म्हणून सरकत्या काचा ओढून घेतो. मग तेच तीन लिटर पाणी भिंतीत, गव्हाच्या कोठीत, रद्दीत आणि रॅकच्या प्लायवूडमध्ये जाऊन बसते. पावसाळ्यानंतर फुगलेली आणि पोपडे धरलेली फळी दिसली, की ती हलक्या प्रतीची होती असे आपण म्हणतो. प्रतीचा दोष असेलही, पण तिला पाणी आपणच पाजलेले असते.

यावर तीन गोष्टींचा उपयोग होतो. पहिली म्हणजे जादा पिळणी. मशीनला पिळण्याचा वेग वाढवण्याची सोय असेल, तर पावसाळ्यात ती सुती कपड्यांसाठी वापरावी, कारण दोरीवरचे पाणी कमी करण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दुसरी म्हणजे हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन वाटा. काचांच्या वरच्या कोपऱ्यात लहान एक्झॉस्ट पंखा बसवावा आणि समोरची काच खालून चार बोटे उघडी ठेवावी. सगळे बंद ठेवून पंखा लावला, तर तो ट्रॅपमधून वास वर ओढतो. तिसरी म्हणजे दोऱ्यांमधले अंतर. छताला टांगून दोरीने खालीवर करता येणारे कपड्यांचे स्टँड आता सर्रास मिळते आणि लहान घरासाठी त्याहून उपयोगी वस्तू मला माहीत नाही, कारण ते जमिनीवरची एक इंचही जागा घेत नाही. पण त्याच्या सहाही दांड्यांवर चादरी पसरल्या, तर मधल्या दोन दुसऱ्या दिवशीही ओल्याच राहतात. जाड कपडे कडेच्या दांड्यांवर आणि एक दांडी सोडून टाकावेत. स्टँडचे खिळे छताच्या स्लॅबमध्येच, फास्टनर ठोकून बसवावेत. जिप्समच्या खोट्या छताला ओल्या कपड्यांचे नऊ-दहा किलो वजन पेलत नाही.

गॅस आणि वीज

इथे जागेची काटकसर करू नये. भरलेला घरगुती सिलिंडर १४.२ किलो गॅस आणि स्वतःचे लोखंडी वजन मिळून सुमारे ३० किलोचा असतो. त्यातला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर नीटनेटका दिसावा यासाठी त्याला दारे असलेल्या बंद कपाटात ठेवू नये. दारे हवीच असतील तर ती खालून आणि वरून जाळीची असावीत. तो उभाच ठेवावा. शेगडीकडे जाणारी रबरी नळी भिंतीत भोक पाडून त्यातून ओढू नये, तिथे तांब्याची पक्की नळी लागते. गॅस गिझर असेल आणि बाल्कनीला पूर्ण काचा लावल्या असतील, तर कार्बन मोनॉक्साइड कोंडण्याचा धोका खरा आहे. हा वायू वासाने ओळखता येत नाही. अशा घरात गिझर बाहेर हलवावा किंवा काचेचा एक भाग कायमचा काढून टाकावा.

मशीनसाठी १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट हवे, आणि ते सिंकच्या शिंतोड्यांपासून दूर व कमरेच्या वर हवे. एकाच एक्स्टेंशनवर मशीन आणि गिझर चालवू नयेत. ओल्या पायांनी वावरायच्या या जागेच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, संरक्षण आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा पाहून घ्यावे.

फळ्या

जमीन कोरडी झाली, मशीन स्थिरावले आणि हवा खेळू लागली, की मग फळ्यांचा विचार करावा. आमचे पहिले तीनही रॅक ४५ सेंटिमीटर खोल होते. पुढच्या रांगेत रोजचे डबे आणि मागच्या रांगेत काय आहे ते कुणालाच आठवत नाही, अशी त्यांची गत होती. फिनेलच्या तीन बाटल्या एकाच वेळी निघाल्या, कारण मागची दिसली नाही म्हणून आम्ही दर वेळी नवी आणत होतो. जागा पुन्हा पुन्हा भरते त्याचे खरे कारण हे आहे. आजीच्या घरच्या उतरंडीत खालच्या मडक्यातले धान्य काढायचे, तर वरची सगळी उतरवावी लागत. पण त्या मडक्यांत वर्षाचे धान्य असे आणि ते रोज काढायचे नसे. एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यांत आपण रोजचा साबण ठेवतो. दोन दिवस तो नीट काढला जातो, तिसऱ्या दिवशी मशीनवरच राहतो आणि तिथून पसारा सुरू होतो.

म्हणून या जागेतली फळी २० ते २५ सेंटिमीटरपेक्षा खोल नसावी. एका रांगेत एकच वस्तू मावली पाहिजे, म्हणजे काय आहे आणि काय संपले ते दारातून दिसते. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर वर आणि भिंतीला अडकवलेली असावी, म्हणजे खालची फरशी धुता येते. सामग्री म्हणून स्टेनलेस स्टीलच्या जाळीच्या फळ्या किंवा जुन्या पद्धतीची भिंतीवरची भांड्यांची मांडणी उत्तम. साधे प्लायवूड इथे नको. केरसुणी, पोछा, खराटा आणि बादली भिंतीवर टांगावीत. ट्रॅप, नळाचा मुख्य कॉक आणि पाइपांच्या डक्टचे दार या तीन गोष्टींसमोर काहीही बसवू नये, मग ती जागा कितीही रिकामी दिसो. आमच्या शेजाऱ्यांनी डक्टच्या दारावर सुरेख कपाट केले होते. गळती झाली तेव्हा प्लंबरने ते अर्ध्या तासात उखडले.

काय ठेवावे, यासाठी आमच्या घरी आठवड्याची कसोटी आहे. ज्या वस्तूला आठवड्यातून एकदाही हात लागत नाही, तिने या जागेत राहू नये. मोठी पातेली माळ्यावर गेली, रद्दी दिवाणाच्या खाली गेली आणि गहू-तांदूळ स्वयंपाकघरात आले, कारण दमट हवेत त्यांना कीड लवकर लागते. पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या घरांत पिंप ठेवणे भाग असते. २०० लिटरचे पिंप भरले की दोनशे किलोंहून जड होते, म्हणून ते काठाच्या कठड्याला न लावता घराच्या आतल्या भिंतीला लावावे.

नवे घर पाहायला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट जोडते. घरबांधणी व्यवसायासाठीच्या २०१६च्या रेरा कायद्यातल्या चटई क्षेत्राच्या (कार्पेट एरियाच्या) व्याख्येत बाल्कनी मोडत नाही, त्यामुळे ड्राय बाल्कनीचे क्षेत्रफळ करारात वेगळे लिहिलेले असते आणि सगळ्यांचे लक्ष त्या आकड्यावर जाते. त्यापेक्षा जाळी कोणत्या कोपऱ्यात आहे, मशीनचा नळ आणि सॉकेट तिच्या विरुद्ध बाजूला आहेत का, एवढे पाहावे. जाळी, नळ आणि सॉकेट एकाच कोपऱ्यात दिले असतील, तर मशीन जाळीवरच येणार. ताबा घेण्यापूर्वी नळ आणि सॉकेट हलवून घेणे तुलनेने सोपे असते.

भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडता येत नाहीत आणि फरशीला हात लावता येत नाही. तिथे दोन भिंतींमध्ये स्प्रिंगच्या दाबाने बसणाऱ्या दांड्या, मशीनशेजारच्या फटीत मावणारा वीतभर रुंदीचा उभा रॅक आणि भोकाची जाळी, एवढ्यावर बरेच भागते. मशीन मात्र पहिल्याच दिवशी, सामान उतरवणारे टेम्पोवाले घरात असतानाच, जाळीपासून दूर ठेवून घ्यावे. ते गेल्यावर ते मशीन वर्षभर तिथून हलत नाही.